दोन-सहा

पित्ताची पिशवी गेली, टाके सुकले,
खड्यांची बाटली येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून झाली.
उरली ती ही दोरी,
डाव्या मनगटाच्या जरा वरून कोपराच्या वाटेला लागलेली,
चार बोटं लांब,
आणि तिच्यात दोन गाठी. एक मुगाएवढी,
दुसरी वाटाण्याहून लहान, पण खोडकर.
दाबली की दुखते.
न दाबता राहवत नाही.

चाळीस वर्षं मारोठिया बाजारात
बायकांचे हात दाबते आहे मी.
अंगठ्याचं मूळ आत वळवायचं,
‘बाई, हात सैल सोडा’ म्हणत म्हणत
दोन-सहाच्या हातात दोन-चार चढवायची.
लोण्याचे हात, लाकडाचे हात,
आठव्या महिन्यातले सुजलेले,
हाडन् हाड ओळखते.
शिरांकडे मात्र कधी बघितलं नव्हतं.

तिथे माझाच हात दुसऱ्याच्या हातात.
पोरगा नवा, झाबुव्याकडचा,
छातीवरच्या पट्टीवर मांगीलाल डामोर.
दोनदा चुकला. शीर सरकते म्हणाला, घामेजला.
घाई करू नकोस बेटा, मी म्हटलं,
की त्यानं मला म्हटलं घाबरू नका?
भुलीच्या अलीकडचं नीट आठवत नाही.
तिसऱ्यांदा बसली.
मग ते पांढरं औषध, दिसायला दूध,
आणि आत मिरची,
खांद्यापर्यंत चढत गेली सरसर.
उलटी गिनती करा, कुणीतरी म्हणालं.
मी सवयीनं डझन मोजायला घेतलं.
बारा, अकरा, दहा,
नवव्या बांगडीला हातच नव्हता.

‘नस रूठ गई है, अम्मा,’ डॉक्टर हसले,
‘दो-तीन महीने में मान जाएगी.’
गरम पाण्याची घडी, निळी ट्यूब, सकाळ-संध्याकाळ
माहेरी निघालेल्या सुनेला समजवावं
तशी शेकते आहे.
सव्वा महिना झाला.
शीर माझीच, हट्ट जाईल कुठे?

बांगडी घातली की नेमकी गाठीवर येऊन बसते,
म्हणून डावा हात मोकळा ठेवलाय.
कासारीण, आणि हात मोकळा!
बायका आधी हाताकडे बघतात,
मग हळूच कपाळाकडे.
गल्ल्यावर हे बसलेले असतात, चांगले धडधाकट,
पोहे खात, जिरावण जास्त घालून.
तरी बघतात.

परवा सोनगरांची पलक आली आईबरोबर.
वैशाखातलं लग्न, लाल काच हवी.
उन्हाळ्याचे दिवस, पण ओढणी डोक्यावरून
उतरू देत नव्हती.
हात धरला, अंगठा वळवला,
माझं बोट तिच्या मनगटाच्या जरा वर गेलं
आणि तिनं हात आखडला.
तिथे दोरी होती.
माझ्यासारखी चार बोटं नाही,
कोपरापर्यंत, आणि पलीकडेही.

‘कितनी बार?’ मी विचारलं.
‘सोलह.’
आई शोकेसमधल्या लाखेच्या कड्यांकडे
टक लावून बघत राहिली, जणू किंमत लिहिलीय कुठेतरी.

मी दोन-सहाचा डबा मिटला.
दोन-आठ काढली.
सैल होतील, गळून पडतील, आई म्हणाली.
पडू द्या, मी म्हटलं, मी इथेच बसलेली असते.
चोवीसच्या चोवीस, न कळता, भरल्या.
एकही वाढवली नाही.

रीत आहे, बांगड्या भरल्यावर
कासारणीला वाकून नमस्कार करायचा.
ती वाकली, आणि वाकता वाकता थांबली.
तिला माझा डावा हात दिसला होता.
लाल काच किणकिणवत तिनं तो उचलला,
उजेडाकडे वळवला,
गाठीच्या बाजूबाजूनं बोट फिरवलं, गाठीवर नाही.
‘ढीला छोड़ो, आंटी,’ म्हणाली.

आणि चाळीस वर्षं हेच सांगत आलेल्या मला
हात सैल सोडता येईना.